अण्णा हलले नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. केतकीला, म्हणजे बायकोला — तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही, आणि तुमचं माझ्याबद्दल काय मत होईल याची मला फारशी फिकीर नाही. ओळखीच्या माणसांसमोर तोंड उघडायची धमक असती तर हे लिहीत कशाला बसलो असतो? सहा वर्षं झाली. सहा वर्षांत डार्मश्टाटला घर घेतलं, ऑफिसात टीम लीड झालो, मराठी मंडळाच्या गणपतीत दोनदा माईक हातात घेऊन लोकांना हसवलं. आणि एक साधं वाक्य मात्र अजून घशात तसंच आहे.

वाक्यावर येतो. पण आधी मी कसला माणूस आहे ते कळू दे, नाहीतर तुम्ही उगाच कीव करत बसाल.

मी लोकांना हसणारा माणूस आहे. हसवणारा नव्हे, हसणारा. रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला पुतळ्यासारखे उभे राहणारे जर्मन — त्यांना हसायचं. बर्लिनला जाऊन दोन महिन्यांत मराठी विसरलेले आपले विद्यार्थी — त्यांना हसायचं. मंडळात भाकरवडीची पाकिटं लपवून ठेवणाऱ्या काकू, त्यांनाही. आपण सोडून बाकी सगळे बावळट, हा माझा धर्म. आणि या धर्मात सगळ्यात खालच्या पायरीवर कोण होतं सांगू? माझे सासरे. अण्णा.

अण्णा साताऱ्याचे. पस्तीस वर्षं एका दुचाकीच्या गॅरेजात फोरमन. त्या वर्षी तीन महिने आमच्याकडे राहायला आले होते, आणि पहिल्या आठवड्यातच मला नको झाले होते. सकाळी बेसिनपाशी खाकरायचे. चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायचे. दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. एकदा म्हणाले, "त्या निळ्या गाडीचं पुढचं बेअरिंग गेलंय." मी आत जाऊन केतकीला डोळे फिरवून दाखवले. पंधरा दिवसांनी शेजाऱ्याने निळी गाडी वर्कशॉपला टाकली. बेअरिंगच. तुम्हाला वाटेल मला कौतुक वाटलं असेल. छे! मला राग आला.

आणि बोलायचे कसे? "निखिलराव, आपण बसा ना." "जावईबापूंना आधी वाढ." मी पन्नाशीच्या आतला माणूस, घरात हाफ चड्डीत फिरणारा — आणि हा सत्तरीचा माणूस मला अहो-जाहो करून खुर्ची रिकामी करून देणार. चांगुलपणा समोर आला की काही माणसं वितळतात. मी अशा वेळी आणखी ताठ होतो.

तर बाईक. कॉलेजपासूनचं स्वप्न, लाल रंगाची, कोरी करकरीत. तिच्यासाठी इथे परत लायसन्स काढावं लागलं — पुण्यात वीस वर्षं टिळक रोडला गाडी घातलेल्या माणसाला! पहिल्या परीक्षेत नापास झालो. वळताना खांद्यावरून मागे बघायचं असतं, ते बघितलं नाही. घरी काय सांगितलं? तो गोरा परीक्षक खडूस होता, आपले लोक त्याला खुपतात, म्हणून पाडलं. केतकीने विश्वास ठेवला. बघा, सवय तेव्हापासूनची आहे. नाचता येईना अंगण वाकडं.

जूनमधला लाँग वीकेंड होता. गुरुवारी चर्चची सुट्टी, शुक्रवारी सगळं ऑफिस ब्रुकेनटाग टाकून गायब — सुट्टी आणि शनिवार यांच्यामधला तो दिवस इथे कुणी वाया घालवत नाही. सलग चार दिवस. ओडेनवाल्डच्या डोंगरांतून नेकार नदीपर्यंत जायचं, दोन रात्री कुठेतरी राहायचं, नवी बाईक काय चीज आहे ते बघायचं. एकट्याने. हा 'एकट्याने' शब्द मी महिनाभर मनात घोळवला होता.

आणि बुधवारी केतकी म्हणाली, "अण्णांना ने ना रे. तीन आठवडे बाल्कनीत बसून आहेत बिचारे. गाडी म्हणजे त्यांचा जीव आहे, तुला माहितीय." अण्णा सोफ्यावर बसून पेपर वाचायचं नाटक करत होते. जर्मन पेपर. म्हणजे बघा, किती आशेने ऐकत असतील! नाही म्हणायची सोय नव्हती. पण निदान दुखावायची तर होती — केतकी म्हणाली त्यांना एक नीट जॅकेट आणि ग्लव्ह्ज घेऊ, तर मी म्हणालो, एका ट्रिपसाठी कशाला? हेल्मेट आहे, पुरे. मी स्वतः नखशिखांत लेदरमध्ये. अण्णा विंडचीटर आणि कॅनव्हासच्या बुटांत.

गुरुवारी सकाळी खाली गेलो तर अण्णा आधीच हजर. आंघोळ, कपाळाला गंध, बाईकच्या हेडलाइटवर कुंकू लावलेलं, आणि हॉफमध्ये, म्हणजे इमारतीच्या सामायिक अंगणात, सुट्टीच्या सकाळी सात वाजता, दाण्णकन नारळ फोडला. वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत आली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांनी तिला खोबऱ्याचा तुकडा वर करून दाखवला — हवा का म्हणून!

मग ते उकिडवे बसले आणि मागच्या टायरवरून अंगठा फिरवला.

"निखिलराव, टायर कोरा आहे. वरचा बुळबुळीतपणा अजून गेलेला नाही. पहिले दोनशे किलोमीटर दमानं घ्या. वळणावर गाडी झोपवू नका."

मी काय म्हणालो असेन? "अण्णा, हे जर्मन टायर आहेत." याचा काही अर्थ लागतो का तुम्हाला? मलाही लागत नाही. आणि गंमत म्हणजे हेच शब्द शोरूममधल्या पोराने मला जर्मनमध्ये सांगितले होते, पुस्तिकेत छापलेलेही होते, आणि त्याच्यापुढे मी 'या, या, गेनाऊ' — हो, हो, अगदी बरोबर — करत नंदीबैलासारखी मान हलवली होती. तेच अण्णांनी सांगितलं तर माझा अपमान झाला. पहिल्याच पेट्रोलपंपावर मी टिश्यूने हेडलाइटवरचं कुंकू पुसून टाकलं, ते शेजारी उभे असताना. ते म्हणाले, "बरं केलंत. काच स्वच्छ पाहिजे."

आता ते मागे कसे बसले होते ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. माझ्या कमरेला हात नाही. दोन्ही हात मागच्या कड्याला, गुडघे आत, आणि गाडी जिकडे कलेल तिकडे तेवढंच कलायचं — ना जास्त, ना कमी. शंभर किलोमीटरमध्ये एकदाही मला मागे कुणी आहे असं जाणवलं नाही. ज्याने कधी डबलसीट गाडी चालवलीय त्याला कळेल हे किती अवघड असतं. मला कळत होतं. आणि बोललो का एक शब्द? नाही.

पहिला दिवस नीट गेला. नदीकाठच्या एका गास्टहाउसमध्ये राहिलो. अण्णांनी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर स्टीलचा डबा उघडला आणि मालकिणीला मेथीचा लाडू दिला. तिने चव घेतली, डोळे मोठे केले, आणखी एक मागितला. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो. नेकारवरून एक लांब मालवाहू बोट चालली होती. अण्णा बराच वेळ तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत उभे होते आणि अगदी खुशीत होते. तो माणूस त्या दिवशी खरंच सुखात होता. हे मला तेव्हाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोंगरातला रस्ता, एकामागोमाग एक वळणं. मी पुढे, आणि आरशात एक बाईकवाला दिसला. पांढरी दाढी, सत्तरीचा, मागे त्याची बायको. मी जरा कडेला झालो. तो अलगद पुढे गेला, आणि जाता जाता त्याने उजवा पाय बाहेर काढून माझ्याकडे केला.

पाय! मला! डोक्यात तिडीक गेली. म्हातारा मला लाथ दाखवतो?

इथल्या बाईकवाल्यांत त्याचा अर्थ 'धन्यवाद' असा होतो. वाट दिलीस, आभारी आहे. डावा हात क्लचवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, मग आभार मानणार कशाने? पायाने. हे मला नंतर कळलं. तिथे उभं राहून विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण आपल्याकडे चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. आणि मी तर लोकांचा अपमान शोधतच फिरणारा माणूस. मी गिअर खाली टाकला आणि त्याच्या मागे लागलो.

अण्णा मागून म्हणाले, "जाऊ द्या, निखिलराव." एकदाच म्हणाले. दोन वळणं घेतली. तिसऱ्या वळणावर गाडी इतकी झोपवली की खालचा फूटरेस्ट रस्त्याला घासला, त्या आवाजाने घाबरलो, आणि वळणाच्या मध्यात पुढचा ब्रेक दाबला. शिकाऊ पोरगंही करत नाही ते केलं. टायर निसटला.

अण्णा हलले नव्हते. हे ते वाक्य. शेवटच्या क्षणापर्यंत तो माणूस गाडीबरोबर होता तसाच बसून होता. माझ्या चुकीबरोबर खाली आला.

मला खरचटलंही नाही. अण्णा कडेच्या गवतात बसलेले, डावं मनगट उजव्या हातात धरलेलं, नको त्या दिशेला वळलेलं. तोंड पांढरंफटक. आणि पहिला प्रश्न, "तुम्हाला लागलं नाही ना?" दुसरं, "आधी इंजिन बंद करा."

दाढीवाल्याने आरशात पाहिलं असणार. तो परत आला. त्याच्या बायकोने स्वतःचं जॅकेट काढून अण्णांच्या पाठीशी दिलं. त्याने मला विचारलं, काय झालं? आणि मी — एवढं मोठं झालेलं, माणूस कळवळतोय, आणि माझं डोकं कुठे चाललं होतं बघा — मी स्वच्छ, व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये सांगितलं, की माझे सासरे वळणावर उलट बाजूला हलले, त्यांना सवय नाही.

अण्णांना जर्मन येत नव्हतं. त्यांना वाटलं मी त्या लोकांचे आभार मानतोय. ते माझ्या शब्दांना मान डोलावत होते. "डांके, डांके," म्हणत होते, त्यांना येणारा तेवढाच शब्द. दाढीवाल्याने आडव्या पडलेल्या बाईकचा कोरा टायर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. टायर वाचता येणारी दोन माणसं होती तिथे, आणि दोघंही गप्प राहिली. पोलीस आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी खरं वाटलं.

हॉस्पिटलमधून केतकीला फोन केला. आता मात्र मराठीत बोलायचं होतं, आणि अण्णा दोन हातांच्या अंतरावर पलंगावर पडलेले. बाहेर जाऊन बोलता आलं असतं. नाही गेलो. का? कदाचित मला बघायचं होतं काय होतं ते. म्हणालो, "अगं, घाबरू नकोस. वळणावर अण्णा जरा हलले, तोल गेला. मनगट मोडलंय, बाकी ठीक आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे करून फोन मागितला.

"हो गं बाई. माझंच चुकलं. नदी बघायला वळलो मी. निखिलरावांनी गाडी सांभाळली म्हणून एवढ्यावर निभावलं."

त्या रस्त्यावर नदी नव्हती. मैलोन्‌मैल नुसतं जंगल होतं. माझं खोटं लंगडं होतं, त्याला कुबडी त्यांनी दिली. जिथे मुलगी दिली त्या घरात जावयाची मान खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच असणार त्यांच्या मनात. मी कधी विचारलं नाही.

आणि मला काय वाटलं? लाज? शरम? ती वाटली असती तर निदान माणसांत जमा झालो असतो. मला आधी हायसं वाटलं. आणि मग — ऐका — मग मला त्यांचा तिरस्कार वाटला. म्हटलं, बघा, हा असा मुळमुळीत माणूस. स्वतःची बाजूही मांडता येत नाही. जावयाला भितो.

एवढ्यावर थांबलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जाऊ दे, होतं असं. थांबा.

अण्णा तीन महिने पुरे न होताच, हाताला प्लास्टर घेऊनच साताऱ्याला परतले. तिथे त्यांची स्कूटर होती, पंचवीस वर्षं जुनी, स्वतः खोलून स्वतः बांधलेली. रोज सकाळी तिच्यावरून मंडईत, तिथून जुन्या गॅरेजवर, तिथे चहा, चार गाड्यांचे आवाज ऐकायचे, चार पोरांना शिव्या घालायच्या, दुपारी घरी. त्यांचा दिवस म्हणजे ती स्कूटर. केतकीने तिच्या भावाला, विक्रमला, आधीच कळवलं होतं: अण्णांचा तोल जातो हल्ली. नुसतं मागे बसून तोल गेला, पुढे बसले तर काय होईल? विक्रमने किल्ली काढून घेतली.

मग व्हिडिओ कॉल. इकडे मी आणि केतकी, तिकडे विक्रम आणि अण्णा. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. वाद चालू होता. अण्णा म्हणत होते, चाळीस वर्षांत एकदा पडलो नाही. विक्रम म्हणाला, "पडलात की जर्मनीत." अण्णांनी स्क्रीनमधून थेट माझ्याकडे पाहिलं.

"निखिलराव, तुम्ही सांगा ना याला. मी चालवू शकतो की नाही?"

कळलं ना तुम्हाला? त्यांनी खोटं उघडं पाडलं नाही, नावही घेतलं नाही. फक्त दार उघडून दिलं. मला कबूलसुद्धा करायचं नव्हतं! नुसतं म्हणायचं होतं, "चालवू दे त्यांना, विक्रम, अण्णांसारखी गाडी कुणाला कळत नाही." बस. एवढ्यावर त्यांची स्कूटर त्यांच्याकडे राहिली असती. माझ्या शब्दाला त्या घरात केवढं वजन! जावयाचा शब्द. पण मला वाटलं, एकदा यांची बाजू घेतली तर केतकी विचारेल, मग तेव्हा कसे काय पडले? तेवढ्या एका प्रश्नाला मी घाबरलो.

मी म्हणालो, "अण्णा, विक्रम तुमच्या भल्याचंच सांगतोय."

ते "बरं" म्हणाले. पुढच्या आठवड्यात स्कूटर गेली.

त्यानंतर ते गॅरेजवर जायचे बंद झाले. रिक्षाने जायला त्यांना लाज वाटायची. फोरमन माणूस, रिक्षातून उतरणार? मंडईची भाजी विक्रमची बायको आणायला लागली. फोनवर ते पाच मिनिटांत संपायला लागले. इथेच वाढणारी आमची लेक जर्मनमध्ये 'अण्णा, वी गेट्स?' — कसे आहात — म्हणायची, ते हसायचे, आणि फोन विक्रमकडे द्यायचे. आणि मी मंडळात सांगत फिरायचो — हो, सांगायचो! — की बाईकवर सासऱ्यांना कधी नेऊ नका रे बाबांनो, नदी बघायला वळतात. खसखस पिकायची. केतकीसुद्धा हसायची.

गेल्या डिसेंबरात साताऱ्याला गेलो होतो. दुपारची वेळ. केतकी आत वहिनीशी बोलत होती, अण्णा आणि मी बाहेरच्या खोलीत. आता ते भिंतीला हात लावत चालतात. डॉक्टर म्हणतात कानात, गुडघ्यात, कशातही दोष नाही; भीती बसलीय. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, बाहेर जात नाही का हल्ली?

"नको वाटतं," अण्णा म्हणाले. "खरं सांगू का, निखिलराव? तेव्हा मला मनातून वाटायचं, मी काय हललो नव्हतो. जावयाचा मान म्हणून हो म्हटलं. खूप दिवस तसंच वाटायचं. पण नंतर विचार केला, तुम्ही कशाला खोटं सांगाल? माणसाला आपला तोल गेलेला कळत नाही. तुम्ही वेळेवर बोललात म्हणून बरं. नाहीतर मी त्या स्कूटरवरून कुणाचा तरी जीव घेतला असता."

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. टोमणा नव्हता त्यात, मी शोधला. त्यांच्याकडे चाळीस वर्षांचं एक ज्ञान होतं, आपलं अंग आपल्या ताब्यात आहे हे, आणि तेही त्यांनी माझ्या शब्दावर सोडून दिलं होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मला कुणाची भीती नव्हती.

"वय झालं की होतंच हो, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. आतून केतकीने चहाला हाक मारली. उठायला म्हणून अण्णांनी माझ्याकडे हात केला, आणि मी तो धरला.